सरपटणाऱ्या पाहुण्यांचा वाढदिवस

चार-पाच वर्षांच्या मुलाचे मन कशावर बसेल याचा काही नेम नसतो. एखाद्याचे आगगाडीवर बसते, एखाद्याचे हत्तीवर. आणि एखादे मूल असे निघते की, साप, सरडा, कासव आणि मगर यांवाचून त्यास दुसरे काही सुचतच नाही. भिंतीवरची पाल दिसली की ते जेवणाचे ताट सोडून उठते. चित्रांच्या पुस्तकात ससा आला की पान उलटते आणि अजगर आला की तेथेच थांबते. अशा मुलाचा वाढदिवस जवळ आला म्हणजे घरात मोठा पेच पडतो. “यंदा काय करावयाचे?” असे आईने विचारले की उत्तर तयारच असते: “सापांचा वाढदिवस!” आजी देवाचे नाव घेते, आई विचारात पडते आणि वडील रबरी साप कोणत्या दुकानी मिळतील याची चौकशी करू लागतात. वस्तुतः या तिघांपैकी कोणाचेही वागणे अगदीच चुकीचे नाही. तथापि या एका दिवसाची आखणी कशी केली जाते यावर मूल त्या दिवसातून काय घेऊन उठेल हे ठरते; आणि सापाच्या बाबतीत मूल काय शिकते ही गोष्ट आपल्या देशात केवळ हौसेची नाही.

प्रथम आजीच्या भीतीचा विचार करणे योग्य होईल. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्यांचे बालपण कोकणातील वाडीत किंवा देशावरील वस्तीवर गेले, त्यांनी पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन पाऊल टाकलेले असते आणि सरपणाच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठी आपटलेली असते. त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. हा आकडा ऐकल्यावर सापांच्या वाढदिवसाची कल्पना कोणास विपरीत वाटली तर नवल नाही.

परंतु याच आकड्याची दुसरीही बाजू आहे. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत व त्यांतील बहुसंख्य बिनविषारी आहेत. माणसाच्या मरणास मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चौघेच कारण होतात. शेतातील उंदीर खाऊन धान्य वाचविणारी धामण, पाणवठ्यावरचे दिवड, गांडुळासारखा दिसणारा चिमुकला वाळा हे सारे मात्र त्या चौघांच्या नावावर मार खातात. जे मूल नुसते भिण्यास शिकले ते साप दिसताच किंचाळते, धावते किंवा दगड उचलते. आणि डिवचलेला सापच चावण्याचा संभव अधिक. उलट, ज्यास साप म्हणजे खेळणे वाटू लागले ते मूल अंगणातील चकचकीत दोरी हाताने उचलावयास जाईल. पहिली चूक भीतीने होते आणि दुसरी कौतुकाने. वाढदिवसाची आखणी करणाऱ्याने या दोहोंच्या मधली वाट धरली पाहिजे. मुलाची या प्राण्यांशी ओळख व्हावी, पण सलगी होऊ नये, हे त्या दिवसाचे सूत्र होय.

हे सूत्र एकदा मान्य झाले की पहिला निर्णय आपोआप ठरतो. वाढदिवसाच्या घरी जिवंत साप, सरडा किंवा कासव आणावयाचे नाही. शहरांतून कोणी ओळखीचा मनुष्य पेटीतून साप आणून मुलांच्या गळ्यात घालण्याची तयारी दाखवितो आणि तेवढ्याने समारंभास रंग चढेल असे पुष्कळांस वाटते. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशातील रानटी साप, घोरपड, कासव, मगर यांस संरक्षण दिले आहे. त्यांना पकडणे, बाळगणे किंवा त्यांचे खेळ करणे हा गुन्हा ठरू शकतो. कायदा बाजूस ठेवला तरी त्या प्राण्याच्या हालांकडे डोळेझाक करता येत नाही. गारुड्याच्या टोपलीतील नागाचे दात पुष्कळदा उपटलेले असतात आणि कित्येकदा तोंडही शिवलेले असते. तो दूध पितो ही समजूत खोटी आहे. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल ते तोंडात घेतो आणि तेच त्यास बाधते. पुंगीवर तो डोलतो तोही संगीताच्या मोहाने नव्हे. सापास बाहेरचा कान नसतो. त्याची नजर पुंगीच्या हालचालीवर असते. ज्या मुलाचे या प्राण्यांवर एवढे प्रेम आहे, त्याच्याच वाढदिवशी त्यांपैकी एकाचा असा छळ व्हावा, हे सयुक्तिक नाही.

काचेच्या भांड्यातील लहान कासवाविषयीही सावधगिरी हवी. ते निरुपद्रवी दिसते व दुकानदारही तसेच सांगतो. परंतु निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर आणि त्याच्या पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांपासून होणारा जुलाब-तापाचा विकार पाच वर्षांखालील मुलांस अधिक जड जातो. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून कमी लांबीच्या कवचाच्या कासवांची पाळण्यासाठी विक्री बंद करण्यात आली. वाढदिवसास जमलेली मुले हात न धुता खाऊ उचलतात, हे लक्षात घेतल्यास अशी भेट न आणणेच शहाणपणाचे.

मग जिवंत प्राणी पाहावयाचाच नाही काय? अवश्य पाहावा, पण त्याच्या जागी जाऊन. वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात मुलास योग्य स्थळी नेऊन आणणे, हा त्या समारंभाचा पूर्वरंग समजावा. पुण्याजवळ कात्रजला १९८६ मध्ये सर्पोद्यान सुरू झाले. काचेपलीकडचा नाग तेथे अंगावर न येता पाहता येतो. मद्रासकडे ज्यांचे नातेवाईक असतील त्यांना तेथील मगरपेढी माहीत असेल. १९७६ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत मगरी आणि सुसरी शेकड्यांनी दिसतात. मुलाचा जन्म फाल्गुन-चैत्रातला असेल तर रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासची वाट धरावी. त्या गावच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीस जात व कुत्र्या-कोल्ह्यांच्याही तोंडी पडत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने त्यांचे रक्षण आरंभिले. घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि सुमारे पन्नास दिवसांनी तळहाताहूनही लहान पिल्ले वाळूतून वर येऊन समुद्राकडे निघतात. हे दृश्य पाहिलेल्या मुलास पुढे कासवाविषयी निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष दिवसाकडे वळावे. असा वाढदिवस म्हणजे काही परकी टूम आहे आणि त्यासाठी दुकानातील रंगीबेरंगी सामान आणावेच लागते, असा समज असल्यास तो सोडून द्यावा. मराठी घरात सरपटणारे प्राणी फार पूर्वीच सन्मानाने येऊन बसलेले आहेत. चैत्रांगणाच्या रांगोळीत शंख-चक्राच्या शेजारी नाग आणि कासव असतात. शंकराच्या देवळात गाभाऱ्यापुढे दगडी कासव असते आणि त्यास हात लावून मगच माणसे पुढे जातात. नागपंचमीस पाटावर गंधाने नाग काढले जातात. त्या दिवशी चिरणे-कापणे, तवा ठेवणे, जमीन खणणे वर्ज्य मानून पुरणाची दिंडे उकडली जातात. तेव्हा औक्षणाच्या पाटाभोवती आजीनेच कासवाची आणि नागाची रांगोळी घालावी. जिला हा बेत प्रथम विपरीत वाटला, तीच त्या दिवसाची मुख्य कारभारीण होते. नांगराच्या फाळाने नागाची पिल्ले मेल्याची नागपंचमीची कहाणी तिला पाठ असतेच. ती सांगून झाल्यावर नकळत केलेल्या इजेचे दुःख कसे असते, हे मुलांच्या ध्यानी यावयास वेळ लागत नाही.

पाहुणे थोडे असावेत. पाच वर्षांच्या मुलास सहा-सात सवंगडी पुरे होतात आणि दोन तासांहून अधिक वेळ ठेवल्यास शेवट रडण्यात होतो. आमंत्रणासाठी पांढऱ्या जाड कागदाची अंडी कापून त्यांच्या मधोमध घडी घालावी. उघडताच आतून कासवाचे पिल्लू दिसावे व त्याच्या पाठीवर दिवस, वेळ व पत्ता असावा. ही आमंत्रणे मुलाने स्वतः रंगविली तर उत्सव आठवडाभर आधीच सुरू होतो. आमंत्रणातच एक ओळ घालावी, की जिवंत प्राणी आणले जाणार नाहीत. त्या ओळीने कित्येक माता निश्चिंत होतील आणि भित्र्या मुलांची पावले घराच्या उंबऱ्यावर अडणार नाहीत.

खेळांची निवड करताना प्रत्येक खेळात त्या त्या प्राण्याचा एकेक खरा गुण यावा, म्हणजे करमणूक आणि ज्ञान यांची फारकत होत नाही. पालीचा खेळ फार सोपा आहे. प्रत्येक मुलाच्या कमरेमागे कापडाची पट्टी शेपटासारखी खोचावी व एका मुलाने मांजर व्हावे. मांजराच्या हाती शेपूट आले तरी पाल बाद होत नाही. ती पळून जाते आणि आईकडून नवी शेपटी घेऊन परत येते. खऱ्या पालीचेही असेच घडते. शत्रूने धरल्यावर ती शेपटी तोडून टाकते, तुटलेला तुकडा वळवळत शत्रूस गुंतवितो आणि तेवढ्यात ती निसटते. पुढे शेपटी पुन्हा वाढते. मात्र नव्या शेपटीत मणक्यांची हाडे नसतात, कूर्चा असते. खेळातून कोणीच बाद होत नसल्यामुळे रुसवेफुगवेही टळतात.

कासवाच्या खेळास अंधारी खोली हवी. एका टोकास दिवा ठेवावा, तो समुद्र. मुलांनी पाठीवर उशा बांधून रांगत त्याच्याकडे जावे. अर्ध्या वाटेवर मुले आली की बाजूस दुसरा, अधिक प्रखर दिवा लावावा. अर्धी मुले वळून भलतीकडे जातील. मग सर्वांस बसवून सांगावे की, कासवाची पिल्ले रात्री क्षितिजावरच्या उजेडाच्या खुणेने समुद्र ओळखतात आणि किनाऱ्यावरच्या घरांचे व रस्त्यांचे दिवे त्यांना असेच फसवितात. चुकलेली पिल्ले सकाळच्या उन्हात मरतात. एवढे कळल्यावर दुसरा दिवा विझविण्यास मुले आपण होऊन धावतात.

सापाच्या जिभेचा खेळ बसून खेळावयाचा आहे. चार वाट्यांत वेलदोडा, कोथिंबीर, सुंठ आणि चंदन ठेवून मुलांचे डोळे बांधावेत व वासावरून वस्तू ओळखावयास सांगाव्यात. साप वरचेवर जीभ बाहेर काढतो ती दंश करण्यासाठी नव्हे. हवेतील वासाचे कण टिपून ती टाळूतील एका इंद्रियास पोहोचविते आणि जिभेला दोन टोके असल्यामुळे वास कोणत्या बाजूने आला हेही त्यास समजते. हे ऐकल्यावर लवलवणाऱ्या जिभेची धास्ती पुष्कळ कमी होते.

सापशिडीशिवाय हा दिवस पुरा व्हावयाचा नाही. हा खेळ मोक्षपट म्हणून आपल्याकडे जुना आहे व परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत. गच्चीवर किंवा अंगणात खडूने मोठी चौकट आखून मुलांनाच सोंगट्या करावे. मात्र घरांची नावे बदलावीत. ‘साप दिसला, मागे सरलो’, ‘मोठ्यांस हाक मारली’, ‘रात्री विजेरी घेतली’ या घरांतून शिडी वर जावी. ‘दगड मारला’, ‘बिळात हात घातला’, ‘अंधारात अनवाणी गेलो’ या घरांतून खाली यावे लागावे. खेळता खेळता जे तोंडी बसते ते उपदेशाने बसत नाही.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघराइतकी सोय अन्यत्र क्वचितच असेल. चकली ही वेटोळे घातलेल्या सापाची प्रतिमाच आहे. अळूवडी आणि बाकरवडी कापल्यावर तीच वेटोळी दिसतात. काकडी लांबट ठेवून तिच्या एका टोकास दातेरी काप दिला की मगर तयार होते. पालकाचा रस घातलेल्या हिरव्या पुऱ्यांस चार लहान पाय आणि डोके जोडले तर कासवे होतात. भाजलेल्या रव्यात साखर मिसळून परातीत त्याची वाळू पसरावी व खोबऱ्याचे पांढरे लाडू तीत अंड्यांप्रमाणे पुरावेत. मुलांनी स्वच्छ हातांनी ती उकरून काढावीत. केक हवाच असेल तर तो घुमटाकार करून वर कासवाच्या पाठीचे चौकोन आखावेत. हिरवा रंग पालकाचा, पिवळा हळदीचा व तांबडा बिटाचा पुरेसा आहे. लहान मुलांच्या घशात अडकतील असे अख्खे शेंगदाणे व टणक गोळ्या टाळाव्यात. फुटलेल्या फुग्यांचे तुकडेही लगेच उचलावेत, कारण ते गिळल्यास श्वास कोंडतो.

रबरी सापांचा मोह वडिलांना आवरणार नाही हे गृहीत धरले पाहिजे. साप अवश्य आणावेत, पण ते उघड्यावर, टेबलावर मांडावेत. खुर्चीखाली किंवा खाऊच्या डब्यात साप लपवून एखाद्या मुलास दचकविण्याची थट्टा मुळीच करू नये. एकदा बसलेला धसका कित्येक वर्षे जात नाही आणि इतर मुले हसली म्हणजे त्यात अपमानाची भर पडते. पाहुण्यांत एखादे भित्रे मूल असतेच. त्यास जवळ जाण्याचा आग्रह न करता आईजवळ बसून कागदी कासव रंगविण्याचे काम द्यावे. ते आपल्या वेळी आपण होऊन खेळात येईल. न आले तरी त्याचे काही बिघडत नाही.

निरोप देताना मुलांच्या हाती आणखी रबरी खेळणी देण्यापेक्षा मातीचे लहान कासव आणि एक कोरी वही द्यावी. वहीच्या पहिल्या पानावर तीन वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहावीत: लांबून पाहावे. हात लावू नये. मागे सरून मोठ्यांस सांगावे. मोठ्यांनी पुढे काय करावयाचे हेही ध्यानात ठेवले पाहिजे. घरात साप निघाल्यास त्याच्यावर नजर ठेवून वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावे. दंश झाल्यास धीर देऊन त्या माणसास हालचाल करू देऊ नये व तत्काळ रुग्णालयात न्यावे. जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी आवळणे आणि मांत्रिकाकडे वेळ दवडणे ही सर्व घातक आहेत. आपल्याकडील चारही प्रमुख विषारी सापांच्या विषावर प्रतिविष उपलब्ध आहे आणि ते वेळेवर मिळणे हाच खरा उपाय होय.

समारंभ आटोपतो, रांगोळी पुसली जाते, उरलेल्या चकल्या डब्यात जातात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिव्याजवळच्या भिंतीवर नेहमीची पाल येते. वाढदिवस नीट साजरा झाला असेल तर ते मूल झाडू शोधणार नाही आणि तिला पकडावयासही धावणार नाही. ते थोडे लांब उभे राहील, तिची शेपटी नवी आहे की जुनी हे निरखून पाहील आणि मग वही उघडून तिचे चित्र काढावयास बसेल. आजी कदाचित अजूनही दुरूनच बघेल. पण या वेळी पालीला हाकलण्यास ती कोणास सांगणार नाही.